झाकणभर औषध

आमच्या गुजरातेतल्या बमरोलीच्या खोलीत हळू बोलायची सोयच नव्हती. पलीकडच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, आन भिंत नावाला, एकेरी विटांची. लूम चालू असल्या की फळीवरचे पेले सरकत सरकत कडेला यायचे, मी जाता-येता हातानं मागं ढकलायची. हंड्यातल्या पाण्याला सारखी बारीक थरथर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं आपल्याला इथं वेड लागणार, दोन्ही कानांवर हात ठेवून बसायची. मग सवय झाली, इतकी की आवाज हाय हेच ध्यानात राहीना. माझी सोनी तर त्या आवाजातच जन्मली म्हणायची. खटाखट चालू असली की ती गाढ झोपायची. आठवड्यातून एकदा लाइट कापायचा दिवस असायचा, सगळी खाती बंद, अख्ख्या बमरोलीत चिडीचूप, आन नेमकी तेव्हा ही जागी होऊन रडायची. लोकांची लेकरं आवाजानं उठतात, माझी शांततेनं उठायची.

सोनीचे पप्पा रातपाळीला होते. संध्याकाळी डबा घेऊन जायचे, सकाळी यायचे तेव्हा डोक्यात, भुवयांत, कानाच्या पाळीवर सगळीकडं धाग्याची भुसभुस, म्हातारं झाल्यासारखं दिसायचं. वयानं माझ्याहून थोडेच मोठे. जेवायला बसले तरी मोठ्यानंच बोलायचे, कानातली लूम बंदच व्हायची नाही त्यांची. "ऐकू येतंय का तुला? आत्ता पण चालूय बघ," म्हणायचे, आन मी पण कान लावायची, जणू त्यांच्या डोक्यातलं मला ऐकू येणार हाय. झोप नाही. उन्हानं पत्रा तापलेला, लेकरू रडतंय, बाहेर नळावर बायकांची भांडणं, माणूस झोपंल कसा? मग नाल्याच्या मागं जो अड्डा होता तिथं जायचे. रातपाळीवाल्यांची संध्याकाळ सकाळीच व्हायची ना. दुनिया दूध आणायला निघायची आन आमची माणसं दारूची पोटली दातानं फोडून रिकामी करून घराकडं यायची.

आता गुजरातेत दारूला बंदी. बंदी म्हणजे मिळत नाही असं नाही, बोलायचं नाही एवढंच. आमच्या चाळीत बारा गावची माणसं, परभणीची, जळगावची, वाशीमची, पण त्या एका शब्दाला सगळ्यांचंच तोंड बंद. बायका नुसता अंगठा तोंडाकडं न्यायच्या, बस, कळायचं. पोलीस येईल, शेठ कामावरून काढंल, खोलीवाला सामान बाहेर फेकंल, असलं काय काय. मी नवीन होते तेव्हा नळावर एकदा म्हणून बसले, "आमचे आज पिऊन आलेत," तर शेजारच्या काशीताईनं भरल्या हंड्यासकट माझ्या पायावर पाय दिला. ती खान्देशातली, जाड हाताची, मनानं लई चांगली. "गप व माय," म्हणली, "भिंतीसले कान ऱ्हातस." मी सहावी शिकलेली, त्यात पण सहावी पुरी झालीच नाही, मला वाटलं मोठ्या शहराची रीतच अशी असंल. तेव्हापासून मी पण अंगठाच.

सोनी झाली तेव्हा गावाकडून माझी सासू आली, आत्याबाई. उधन्याला गाडीतून उतरली ती डोक्यावर डिंकाच्या लाडवाचा डबा, काखेत बाजरीचं गाठोडं, आन पिशवीतून शेपू-मेथी डोकावतीय, इथं भाजी मिळत नाही असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आल्या आल्या लेकराकडं बघायच्या आधी म्हणली, "हिला काढा चालू केला का नाही?" आन दुसऱ्याच दिवशी जडीबुटीच्या दुकानातून दशमूलारिष्टाची मोठी बाटली घेऊन आली. आमच्याकडं बाळंतिणीला हे देतातच, कंबर भरून येती, दूध उतरतं म्हणतात. जेवण झालं की झाकणभर घ्यायचं, तेवढंच पाणी घालून. आत्याबाई पाणी घालायची नाही. "पाण्यानं जोर जातो," म्हणायची. गोड, तुरट, काळं, जिभेला चुरचुरणारं. पोटात गेलं की माझे कान गरम व्हायचे, अंग हलकं वाटायचं, आन रडू यायचं तर तेही गोडच यायचं. मला वाटायचं औषध लागू पडतंय.

आत्याबाई तशी लई कडक बाई. तिच्या माहेरी कुणी थेंब शिवलेला नव्हता, ते ती रोज सांगायची. पण गुडघे दुखायचे तिचे, म्हणून माझ्या बाटलीतलं झाकणभर ती पण घ्यायची, कधी दोन झाकणं. घेतलं की थोड्या वेळानं तिचा चेहरा मोकळा व्हायचा, सोनीला मांडीवर घेऊन जात्यावरच्या ओव्या म्हणायची, मला माझ्या दिवंगत सासऱ्याच्या लग्नातल्या फजित्या सांगायची, स्वतःच हसायची. काशीताई डोळे मिचकावून म्हणायची, "तुनी सासू दुपारना लई गोड व्हयी जास." आन आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. का हसतोय ते आम्हाला पण नीट माहीत नव्हतं.

लेकाचं चाललेलं आत्याबाईला पहिल्याच दिवशी कळलं. आईला वास कळतो. पण दोन दिवस तिनं जेवताना कुणाच्या ताटाकडं बघितलं नाही. मग म्हणली, "झोप नाही त्याला. झोप लागली तर कशाला जाईल तिकडं? चला वैद्याकडं." आन निघताना दारात मला थांबवलं, "तिथं त्याचं नाव काढायचं नाही हं. परक्या मुलखात हायेत आपण."

वैद्यकाका म्हणजे गुजराती म्हातारे, पांडेसऱ्याच्या वाटेवर त्यांचा दुकानवजा दवाखाना, पुढं लाकडी बाकडं. इतकी वर्षं आमच्या लोकांत काढलेली, म्हणून गुजरातीत सुरू करायचे, हिंदीत जायचे आन मराठीत संपवायचे. नाडी बघितली, हाताला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, ते वाढलेलं निघालं. डोळ्याची खालची कड ओढून बराच वेळ बघत राहिले. "व्यसन काय?"

हे म्हणले, "तंबाखू. बस."

आत्याबाई लगेच म्हणली, "माझ्या पोराला सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही."

"मां, तो तंबाखू म्हणतो ने हमणां, आत्ताच," वैद्यकाका म्हणले.

"ती काय, ती तर सगळेच खातात."

वैद्यकाका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सोनीला पदराखाली घेऊन मागं उभी होते, अंगठा पण वर येईना, एकाच खोलीत सासू, नवरा आन परका माणूस. मी खाली फरशीकडं बघत राहिले. मग त्यांनी गोळ्यांची पुडी बांधली, म्हणले ही सर्पगंधाची गोळी, झोप येईल, प्रेशर खाली येईल, दिवसाला एकच, जेवण झाल्यावर. आन पुडी हातात देता देता पुन्हा धरून ठेवली. "भाई, पोटात दुसरं काही असेल त्या दिवशी ही गोळी नाही घ्यायची. समज्या?" हे हो हो म्हणले. आत्याबाईनं तर ऐकलंच नाही, ती पुडीला वास घेऊन बघत होती.

गोळीनं गुण आला हो, खोटं कशाला बोलू. ज्या सकाळी हे सरळ घरी यायचे त्या सकाळी जेवून गोळी घेतली की दुपारपर्यंत झोपायचे. मी पत्र्यावर पोती भिजवून टाकायची, सोनीला घेऊन काशीताईच्या दारात बसायची. आत्याबाईचा चेहरा असा की जणू तिनंच ती गोळी बनवली. पण मला आतून सारखं धडधडायचं. कामून ते सांगता यायचं नाही. माझी नात आता विचारती, आजी, तू एवढी कशाला भ्यायचीस? तिला काय सांगू, ज्याच्या जिवावर आपण परक्या गावात येतो तो माणूस झोपला तरी भीती वाटायची आन जागा असला तरी. दोन्हींतली कमी कुठली हे मला आजपर्यंत ठरवता आलं नाही.

मग तो लाइट कापायचा दिवस आला. सकाळीच खाती बंद झाली, शांतता पसरली, आन हे काही आले नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत सुट्टी म्हणल्यावर आमची माणसं अड्ड्यावर जरा जास्तच रेंगाळायची. ऊन चढल्यावर आले, भिंतीला हात लावत लावत. गटारीशी बसून उलटी केली. डोळे लाल, पण चेहरा पांढरा, ओठाला रंग नाही. मी तांब्या घेऊन गेले तर म्हणले, "लूम बंद कर गं." सगळ्या बमरोलीत एक लूम चालू नव्हती.

मी त्यांचं तोंड धुवून त्यांना आत आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. तोवर आत्याबाईनं बाटली काढली होती. झाकणात नाही, सरळ पेल्यात ओतली, पाणी नाही काही नाही. "घे बाबा. पोट धुऊन निघंल. हा उतारा हाय त्याच्यावर." त्यांनी लेकरासारखं पिऊन टाकलं. मग पुडी सोडली. "आज सुट्टी हाय. दोन घे, नीट झोपशील, संध्याकाळी पुन्हा तिकडं जायची आठवण नको."

मी म्हणले, "आत्याबाई, ते वैद्यकाका म्हणले होते, पोटात दुसरं..." आन माझा अंगठा आपोआप तोंडाकडं गेला.

"म्हणूनच तर देते ना! त्याच्यावर औषध नको का? तू पाणी दे त्याला. मोठी आली वैद्याची लेक."

मी पाणी दिलं. गोळ्या गेल्या. त्यांनी चटईवर अंग टाकलं, पाठीवर, तोंड उघडं. आत्याबाईनं त्यांच्या पायावरून हात फिरवला, म्हणली, "झोपलं माझं लेकरू," आन तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला तेव्हा तिचा राग पण करता आला नाही. आजही येत नाही. ती आई होती आन तिच्या हातात औषधाची बाटली होती, एवढंच.

आत्याबाई भाकरी टाकायला बसली. सोनी जागी झाली, शांततेनं, आन रडायला लागली, टाळू लाल होईपर्यंत रडली. एरवी ती एवढी रडली की हे झोपेतच हात उचलून हवेत हलवायचे, पाळणा हलवल्यासारखा. आज हात उठला नाही. मी सोनीला छातीशी लावलं, ती गप झाली, आन मग मला ते ऐकू आलं. घोरणं नव्हतं ते. श्वास आत जायचा, घशात पाण्यासारखा खळखळायचा, बाहेर यायचा, आन मग काहीच नाही. मी वाट बघायची. काहीच नाही. मग एकदम पुन्हा. लूम चालू असत्या तर हे मला कधी कळलंच नसतं, हे मी इतक्या वेळा मनात म्हणलंय की आता ते माझं मलाच खोटं वाटायला लागलंय, पण खरं हाय. ती एक शांतता होती म्हणून कळलं.

मी त्यांच्या पायाला हात लावला, थंड. कपाळ ओलं आन थंड. हाका मारल्या, आधी हळू, मग मोठ्यानं. चिमटा घेतला दंडाला, चांगला नख रुतंल असा, तर तोंडावरची रेघ हलली नाही. काशीताई दारात आली. "झोपू दे ना व, बरं व्हयनं एकदाना झोपना." आत्याबाई तव्यावरून ओरडली, "उठवू नको त्याला! उठला की जाईल परत!"

"आत्याबाई, ते उठत नाहीत."

"मग दही आण. नाहीतर तूप चाटव. थांब, अजून एक झाकण..."

ती बाटलीकडं गेली, आन काय झालं माझं मला कळलं नाही, मी बाटली तिच्या हातातून ओढून घेतली. सुनेनं सासूच्या हातातली वस्तू हिसकावायची म्हणजे आमच्यात माहेरी पाठवायचं काम. तिचं तोंड उघडंच राहिलं. मी काशीताईला म्हणले, "ताई, ह्यांच्या तोंडात काही घालू देऊ नका. काहीच. मी आले," आन सोनीला तशीच छातीशी धरून, चप्पल नाही, पदर कुठं हाय ठावं नाही, पळाले. डांबर तापलेलं, पाय भाजत होते, ते घरी आल्यावर कळलं. पळताना एकच चाललं होतं मनात, की सांगितलं तर पोलीस नेतील, नाही सांगितलं तर मरतील, सांगितलं तर खोली जाईल, नाही सांगितलं तर मरतील. सोनीचं डोकं माझ्या गळ्याखाली आपटत होतं आन ती आता रडत पण नव्हती, तिला वाटलं असंल खेळ चाललाय.

वैद्यकाका बशीत चहा ओतत होते. बाकड्यावर माणसं बसलेली, पगडीवाला एक, दोन बायका. मी म्हणले, "उठत नाहीत."

"शुं खाधुं? काय घेतलं?"

"तुमच्या गोळ्या."

"किती?"

"दोन."

"दोननी असं नाय होत. बीजुं? अजून काय?"

"बाळंतिणीचा काढा. पेला भरून."

त्यांनी बशी खाली ठेवली. "अने ते पहेलां? त्याच्या आधी?"

मी बाकड्यावरच्या माणसांकडं बघितलं. अंगठा वर येत होता माझा, पण त्या हातात सोनी होती, दुसऱ्या हातात बाटली होती. देवाशपथ सांगते, दोन्ही हात भरलेले होते म्हणून मला तोंडानं बोलावं लागलं.

"साचुं बोल, खरं बोल, बेन," ते म्हणले, अगदी हळू. "हूं पोलीस नथी."

"दारू," मी म्हणले. "दारू पिऊन आले होते. सकाळपासून पीत होते. रोज पितात."

एवढ्या मोठ्यानं म्हणले की रस्त्यावरचा पानवाला वळून बघायला लागला. गुजरातेत येऊन पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडातून निघाला. आभाळ काही कोसळलं नाही. पगडीवाला उठला आन त्यानं माझ्यासाठी पाणी आणलं.

वैद्यकाकांनी मला स्कूटरवर मागं बसवलं. खोलीत आल्या आल्या त्यांनी ह्यांना कुशीवर केलं, तोंड खालच्या बाजूला, मान जराशी मागं, आन तोंडातून चिकट पाणी बाहेर आलं. श्वास जरा मोकळा झाला. आत्याबाई मिठाचं पाणी घेऊन उभी होती, उलटी काढायला. "मां, ते ठेव," ते म्हणले, "शुद्ध नाय त्याला, पाणी सीधा फेफसात, छातीत जाईल. आता काय पण द्यायचं नाय. माझं पण औषध नाय. आता दवाखाना." नाक्यावर कापडाचे ताके घेऊन जाणारा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर म्हणला माल उतरवायला वेळ नाही, वरच टाका. तसं ताक्यांवरच झोपवलं, कच्चं पांढरं कापड, कदाचित ह्यांच्याच लूमवर विणलेलं. मी त्यांचं डोकं कुशीवर धरून, सोनी मांडीत, आत्याबाई पायाशी. वैद्यकाका पुढून सारखे वळून विचारायचे, "चाले छे? श्वास चालतो?" आन मी म्हणायची, चालतो. प्रत्येक वेळी थांबून, ऐकून मगच म्हणायची.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, त्यानं पापण्या उघडून बॅटरी मारली आन विचारलं काय घेतलं. आत्याबाई लगेच पुढं झाली, "काही नाही हो साहेब, सकाळी पोहे खाल्ले होते, ते बाधले..."

मी म्हणले, "दारू. त्याच्यावर पेलाभर दशमूलारिष्ट. त्याच्यावर सर्पगंधाच्या दोन गोळ्या." दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. डॉक्टरनं कुणाला फोन केला नाही, कुणाला बोलावलं नाही. "सारूं थयुं, कीधुं, बरं झालं सांगितलं," एवढंच म्हणला आन त्यांना आत नेलं.

बाहेर जिन्याखाली बसलो. मी सोनीला पाजत होते. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून. वैद्यकाका गेले नव्हते, त्यांनी माझ्याकडून बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला.

"मां, हे कसं बनवतात खबर आहे? काढा करायचा, त्यात गूळ, धायटीची फुलं, अने बरणीत बंद करून ठेवायचं. आठवडे. आत ते आपोआप आंबतं. त्यात थोडा नशा येतो, मां. थोडाच. बाळंतिणीला झाकणभर, पाणी घालून, जेवल्यावर, तर ते औषध. पीधेला, प्यायलेल्या माणसाला पेलाभर, तर फरी तेच, पुन्हा दारूच. अने माझी गोळी झोप आणते, दारू पण झोप आणते. दोघांनी मिळून त्याला खूप खाली नेलं."

आत्याबाई भिंतीकडंच बघत म्हणली, "मी... गुडघ्यासाठी... रोज..."

"थोडी थोडी, मां."

"दोन झाकणं घ्यायची कधी कधी."

"हां, तर जरा जास्त."

तिनं पदर तोंडावर ओढला. मला रडता रडता हसू आलं, एवढं आलं की पोट धरून वाकावं लागलं, आन मग ते हसू हुंदका झालं आन थांबंना. आत्याबाईनं पदराखालून हात बाहेर काढून माझ्या पाठीवर ठेवला. त्या दिवसाआधी तिनं मला कधी हात लावला नव्हता.

दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले. बोलायला लागले तर पहिलं काय विचारलं असंल? "कुणाला सांगितलंस?"

मी म्हणले, "सगळ्यांना."

त्यांनी तोंड फिरवलं. घरी आल्यावरही कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तू मला गावासमोर नागडं केलंस म्हणले. पोलीस आला नाही. शेठनं विचारलं पण नाही, त्याला माणूस पाळीला हजर, बस. खोली गेली नाही. ज्याला ज्याला भ्यालो त्यातलं काही झालं नाही, आन ज्याला कुणी भ्यालं नाही त्यानंच जीव न्यायला घेतला होता.

वैद्यकाका आमच्याकडं येऊन बसले एकदा, मुद्दाम, माझ्याशी बोलायला, कारण ऐकणारी मीच होते. म्हणले, प्यायलेल्या दिवशी घरातलं कुठलंच औषध नाही, गोळी नाही, काढा नाही, ज्याच्या नावात आसव नाहीतर अरिष्ट हाय ते तर शिवायचंच नाही, जुलाबाचं चूर्ण पण नाही, आधीच पोट सुकलेलं असतं. शुद्धीत असंल तर साधं पाणी घोट घोट, धणे भिजवलेलं पाणी, मिठाची चिमूट टाकून तांदळाची पेज, मुगाचं पाणी. कुशीवर झोपवायचं. हाकेला ओ दिली नाही तर वैद्याकडं पळायचं नाही, दवाखान्यात. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली आन हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले तरी दवाखान्यातच. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जडीबुटी सुद्धा नाही. "झाडपाला हाय म्हणून निरुपद्रवी, असं नसतं बेन," म्हणले. आन जाताना, "सगळ्यात पहेलां, वैद्याला साचुं सांगायचं. मी त्या दिवशी डोळ्यात बघितलं होतं, पण तोंडानं कुणी बोललं नाय. मी पण पक्कं विचारलं नाय." त्यांनी हे मला कामून सांगितलं कोण जाणे. मी त्यांना चहा दिला, ते बशीत ओतून प्यायले.

नात परवा मला मोबाइलवर दाखवत होती, कुणीतरी पाठवलेलं, एक बाई सांगतीय, पार्टीनंतर हा काढा घ्या, सकाळी एकदम फ्रेश. मी म्हणले त्या बाईला विचार, रात्रीचं उतरलंय का आधी. ती हसली. तिला वाटलं आजी गंमत करती.

तर पुढचं. दारू त्यांनी सोडली का, हे सगळे विचारतात. सोडली नाही. कमी झाली, वाढली, कमी झाली, अशीच गेली वर्षं. सोडीन असं ते कधी म्हणले पण नाहीत, आन म्हणले असते तर माझा विश्वास बसला नसता, मी तेवढी दमले होते. आत्याबाई गावी गेली, जाताना बाटली इथंच ठेवून गेली, आन मी ती गटारीत ओतली.

पण एक झालं. पावसाळा सरत आला होता, प्रेशरची गोळी आता वैद्यकाका मला मोजून द्यायचे, ती मी डब्यात फळीवर उंच ठेवायची, पेल्यांच्या मागं. एका सकाळी हे आले. भिंतीपलीकडं लूम धडधडत होत्या. दारातच थांबले, आत पाय टाकला नाही, डोक्यावरची भुसभुस तशीच, आन चौकटीला धरून मोठ्यानं म्हणले, चाळीला ऐकू जाईल असं, "आज घेतलीय."

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. काशीताईनं हंडा खाली ठेवला.

मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघत होते, मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. मी हात वर करून गोळीचा डबा आणखी मागं सारला, आन पेजेचं आधण ठेवलं. त्यानंतर जेवढी वर्षं ते होते तेवढी वर्षं तसंच चाललं. घेतली की दारात सांगायचे, आन मग आत यायचे. त्याच्याहून जास्त त्यांनी मला काही दिलं नाही, आन खरं सांगू, मी मागितलंही नाही. मी चुलीवर पेज ठेवायची, त्यांना कुशीवर झोपवायची आन जवळ बसून कान लावायची, लूमच्या आवाजातून, चालतो का.